दुसऱ्या खेपेचे चित्रण

मंगळवार, १० मे २०१६. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी पुंडलिक हिवराळे यांच्या घरातल्या संगणकाने त्यांना सहाव्यांदा सांगितले की कॅमेरा सापडत नाही.

संगणक हे इंग्रजीत सांगत होता आणि पुंडलिकराव ते वाक्य दर वेळी मोठ्याने वाचत होते. आधीच्या पाच वेळा वाचताना काही राहून गेले असेल, अशी त्यांना आशा होती. कॅमेऱ्याचा पत्ता म्हणून दुकानदाराने खोक्यावर आकडे लिहून दिले होते. ते त्यांनी पुन्हा एकेक बोट आपटत टाकले. पडदा पांढरा झाला, गोल फिरू लागला आणि तेच वाक्य आले.

"दिसला का?" स्वयंपाकघरातून लीलाबाईंनी विचारले.

"दिसला असता तर बोललो नसतो व्हय?"

"तसं बी तुम्ही बोलायलाच लागलेत की सकाळपासून. त्या डब्याशी."

कॅमेरा घरापासून वीस पावलांवर, फाटकाच्या लोखंडी नळीला आठ फुटांवर बसवलेला होता. खुर्चीवरून मान वळवली की खिडकीतून तो दिसत असे. त्याच्या पोटातला हिरवा दिवाही लुकलुकत होता. म्हणजे तो जागा होता, बघत होता, साठवतही होता. फक्त घरातल्या संगणकाशी बोलायला तयार नव्हता. पुंडलिकरावांचा संताप या गोष्टीचा होता. बिघडलेली वस्तू त्यांना समजत असे. ही वस्तू बिघडलेलीच नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता वसाहतीची बैठक होती आणि बैठकीपुढे एकच विषय होता: टँकरची वही पुंडलिकरावांकडे ठेवायची की काढून घ्यायची.

वसाहत बावीस घरांची. बीड बायपासच्या दक्षिणेला, चार वर्षांपूर्वीपर्यंत जिथे ज्वारी उभी असायची तिथे. शहर तिकडे सरकले, प्लॉट पडले, घरे झाली. पाण्याची वाहिनी मात्र मागेच राहिली. दोन बोअर होते, ते फेब्रुवारीत आटले. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी टँकरच्या दोन खेपा यायच्या, एक अकराच्या सुमारास, एक तीनच्या. दोन्ही खेपा कोपऱ्यावरच्या सामाईक हौदात पडायच्या आणि संध्याकाळी सहाला मोटार लावून घरोघरी पाणी सुटायचे. खेप आली की वहीत वेळ लिहायची, चालकाच्या चिठ्ठीवर सही करायची. हे काम पुंडलिकरावांकडे आपोआप आले होते. रेल्वेच्या डाक सेवेत छत्तीस वर्षे त्यांनी टपालाची छाटणी केली होती. या माणसाच्या हातून काही इकडचे तिकडे होणार नाही, असे सगळ्यांना वाटत होते. त्यांनाही वाटत होते.

मागच्या मंगळवारी, ३ मे रोजी, वहीत दोन खेपा लिहिल्या गेल्या. दोन खेपांनी हौद काठोकाठ भरतो. सहाला मोटार लावण्याआधी बद्रीनाथ काळे यांनी हौदात काठी टाकली, तर पाणी निम्म्यावर. बद्रीनाथ मूळचे पिशोरचे. चितेगावला एका कारखान्यात नोकरीला होते आणि मंगळवार त्यांचा सुट्टीचा वार. त्यांचे घर शेवटून तिसरे. त्या संध्याकाळी शेवटच्या सात घरांना पाणी पोचलेच नाही. तीन दिवस त्या सात घरांनी शेजारून हंडे वाहिले. अगदी टोकाच्या घरात आवडाबाई एकट्या राहत. त्यांनी पहिल्या दिवशी कोणाला सांगितलेच नाही.

"हिवराळे साहेब, दुसरी खेप आलीच नाय," बद्रीनाथ हौदाजवळ चार माणसांत म्हणाले होते. "वहीत आली आसंल. हौदात नाय आली."

"आली. मी इथं उभा होतो. शेवटचा थेंब पडूस्तोवर उभा होतो," पुंडलिकराव म्हणाले होते.

हे वाक्य त्यांनी नंतर त्याच आठवड्यात पाच-सहा वेळा उच्चारले. वसाहतीच्या अध्यक्ष पद्मजा सेलूकर निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. वाद वाढवण्यापेक्षा पुरावा पाहू, असे त्यांनी ठरवले. पुंडलिकरावांनी एप्रिलमध्ये स्वतःहून हौदाकडे तोंड करून कॅमेरा लावला होता. त्यातले चित्रण मंगळवारच्या बैठकीआधी बघायचे. पुंडलिकरावांनी लगेच होकार दिला होता. चित्रण बघायला काय लागते, संगणक उघडायचा आणि बघायचे.

दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी खोक्यावरच्या मदत क्रमांकावर फोन लावला. सोळा मिनिटे सनईसारखे काहीतरी वाजले. मग एक मुलगी हिंदीत म्हणाली, "सर, एक बार सब बंद करके चालू कीजिए."

"तीन बार किया."

"सर, एक बार और कीजिए."

त्यांनी केले. मग ती म्हणाली की कॅमेऱ्याच्या तळाला एक लांबलचक क्रमांक असतो, तो वाचून दाखवा. पुंडलिकराव फोन कानाशी धरून स्टुलावर चढले, मान मागे टाकून चष्म्याच्या खालच्या काचेतून तळ शोधू लागले. सात आकडे वाचून झाले आणि फोन कटला. पुन्हा लावला तर सनई पहिल्यापासून.

स्टुलावरून उतरून त्यांनी पुण्याला मुलीला फोन केला. मोनाली तिथे एका रुग्णालयाच्या नोंदणी विभागात होती आणि कामावर असतानाही बहुधा फोन उचलत असे.

"बाबा, दुकानवाल्याला बोलवा ना."

"तो गावाला गेलाय लग्नाला. गुरुवारी येतो म्हणतो."

"मग गुरुवारी बघा."

"आज पाचला मीटिंग आहे. आणि चित्रण आठवडाभरच राहतं त्याच्यात. जागा भरली की जुनं आपोआप पुसत जातं. आज मंगळवार. तीन वाजता आठवडा भरतो."

"त्यातलं मेमरी कार्ड बाहेर नाही काढता येत?"

"झाकणाला चांदणीचे स्क्रू आहेत. तसला पाना फक्त त्याच्याकडं."

"बरं. मग कॅमेराच बंद करा, म्हणजे पुसणार नाही."

"बंद केल्यावर जोडू कसा?"

लीलाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "ते कवा साठवतं?" त्यांनी विचारले. "सारखंच का?"

"समोर काही हाललं की साठवतं. माणूस, कुत्रं, काही बी."

"मग हालायलाच नको दिसायला."

त्या आत गेल्या, जुनी काळी ओढणी घेऊन आल्या आणि फाटकाजवळ जाऊन छत्रीच्या टोकाने ती कॅमेऱ्याच्या तोंडावर टाकून दिली. वारा नव्हता. ओढणी तिथेच राहिली. गल्लीतून एक शेळी गेली, तिच्यामागे दोन पिल्ले गेली आणि कोणाचीही नोंद झाली नाही.

"आई इंजिनियर आहे," मोनाली फोनवर म्हणाली. "बाबा, आता लंचला बोलते. तोवर काही दाबू नका."

अकरा वाजून वीस मिनिटांनी पहिली खेप आली. पुंडलिकराव वही घेऊन हौदाशी गेले. ऊन अंगावर पाटा ठेवल्यासारखे होते. त्यांची प्लास्टिकची खुर्ची हौदाच्या झाकणापासून चार हातांवर, नेहमीच्या जागी होती. ते बसले नाहीत. चालकाने जाड नळी हौदात सोडली, चावी फिरवली आणि पुंडलिकराव ओणवे होऊन आत बघत राहिले.

बद्रीनाथ बनियनवर बाहेर आले. आधी हौदाकडे, मग फाटकाकडे बघितले.

"आज डोळे झाकले का साहेब कॅमेऱ्याचे?"

"काम चालू आहे."

"आसं का. आमच्या कारखान्यात बी साहेब यायचा आसला का कॅमेऱ्यावर फडकं आसतं."

"बद्रीभाऊ, तुम्हाला जे बघायचं ते पाचला बघा."

"बघतो ना. म्या काय म्हणतो, खेप आली आसंल तर लई चांगलं. मला काय तुमच्याशी वैर हाय का? तीन दिवस आमच्या घरी अंघोळी नव्हत्या, एवढंच."

टँकर रिकामा व्हायला सव्वीस मिनिटे लागली. चालक चिठ्ठी पुढे करत म्हणाला, "चचा, सही मारो. आज बडे गौर से देख रहे." पुंडलिकरावांनी सही केली. पाठीवरचा शर्ट चिकटला होता. सव्वीस मिनिटे, त्यांनी मनाशी नोंद केली. पूर्ण टँकरला सव्वीस मिनिटे लागतात. मागच्या मंगळवारी त्यांनी वेळ लावली नव्हती.

घरी येऊन ते काहीही न दाबता मोनालीच्या फोनची वाट बघत बसले. साडेबाराला तो आला. तिने त्यांना राऊटरचे पान उघडायला लावले. राऊटर म्हणजे भिंतीवरचा पांढरा डबा, ज्यातून घरातल्या सगळ्या यंत्रांना इंटरनेट मिळे. त्याला कोण कोण जोडले आहे, याची यादी त्या पानावर होती. तीनच नोंदी होत्या.

"वाचा," मोनाली म्हणाली.

पहिली नोंद संगणकाची. दुसऱ्या नोंदीपुढे तोच पत्ता होता जो ते सकाळपासून टाकत होते. पण नावाच्या जागी एका फोनचे नाव होते. तिसऱ्या नोंदीला नावच नव्हते आणि पत्त्याचा शेवटचा आकडा वेगळा होता.

"हा फोन म्हणजे मी रविवारी आईला आणला तोच," मोनाली म्हणाली. "बाबा, कॅमेऱ्याचा पत्ता आईच्या फोनला मिळालाय. हे पत्ते कायमचे नसतात. डबा बंद होऊन चालू झाला की पुन्हा वाटप होतं. जो आधी येईल त्याला आधीचा नंबर."

सकाळपासून ते बायकोच्या फोनचे दार वाजवत होते. पुंडलिकरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पण डबा बंद कोण करतंय?" मोनालीने विचारले. "लाईट जाते का?"

"या आठवड्यात नाही गेली."

"मी करते," लीलाबाई म्हणाल्या.

पुंडलिकरावांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"रोज दुपारी करते. तीनला त्या भिंतीवर ऊन येतं, हात लावला तर डबा तव्यावाणी लागतो. तासभर बटण बंद करते. गार झाला की लावते. बोअरची मोटार नाय का आपण मधी बंद ठेवायचो? जळली असती ना नायतर."

"आई, ती मोटार वेगळी."

"यंत्र ते यंत्र. तापलं का दम द्यायचा."

पुंडलिकराव बोर्डाकडे बघत होते. एकाच बटणावरून दोन वायरी निघाल्या होत्या. एक राऊटरला, दुसरी खिडकीच्या कोपऱ्यातून बाहेर, फाटकाकडे. "म्हणजे रोज तीनला कॅमेरा बी बंद व्हतो," ते म्हणाले.

"तीनला, सव्वातीनला. हातातलं काम आवरलं का."

"मागच्या मंगळवारी?"

"आता मंगळवारचं काय सांगू? रोजच करते म्हटलं ना."

एक वाजता त्यांनी नवा पत्ता टाकला. नाव आणि खुणेचा शब्द विचारणारी चौकट आली. ही चौकट सकाळपासून एकदाही आली नव्हती. पुंडलिकरावांनी लीलाबाईंना हाक मारून ती दाखवली. खुणेचा शब्द खोक्यावर होता, तो चालला. मग पडद्यावर मोठा काळा चौकोन आला आणि काळाच राहिला.

या काळ्या चौकोनाने चाळीस मिनिटे खाल्ली. पुंडलिकरावांनी पान पुन्हा उघडले. दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडले. संगणक बंद करून चालू केला. मोनाली कामात होती, फोन उचलत नव्हती. मदत क्रमांकावर सनई होती. त्यांच्या जिभेवर असे शब्द आले जे त्यांनी रेल्वेतल्या छाटणीच्या डब्यात, दिवाळीच्या गर्दीतही वापरले नव्हते. शेवटी लीलाबाई जेवायला बोलवायला आल्या, त्यांनी पडद्याकडे बघितले आणि बाहेर जाऊन ओढणी काढली. काळ्या चौकोनात हौद, झाकण आणि रिकामी खुर्ची उगवली.

पुंडलिकराव हसले नाहीत. चित्र स्वच्छ होते, त्यांच्या कल्पनेपेक्षा स्वच्छ. झाकण दिसत होते तितकीच खुर्चीही दिसत होती.

मोनालीने सांगून ठेवल्याप्रमाणे त्यांनी आधी साठवणे थांबवण्याचे बटण दाबले. आता काही पुसले जाणार नव्हते. मग ते जेवायला बसले आणि अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले.

"काय झालं?" लीलाबाईंनी विचारले. "लागला ना तो?"

"लागला."

"मग?"

"त्या दिवशी दुसऱ्या खेपेला मी घरात आलो होतो का?"

लीलाबाईंनी ताट बाजूला सारले. "आला होता की. चक्कर आल्यावाणी होतंय म्हणलात. मी गूळपाणी दिलं. पंख्याखाली पडलात."

"किती वेळ?"

"मी काय घड्याळ लावलं व्हतं? भोंगा वाजला तवा गेलात बाहेर. टँकरवाल्याचा."

पुंडलिकरावांना हे ठाऊक नव्हते असे नव्हते. टँकर आला, नळी हौदात गेली, पाणी पडल्याचा आवाज ऐकला, एवढे पक्के होते. मग डोळ्यांपुढे पिवळे झाले. मग भोंगा, चिठ्ठी, सही. सही करताना त्यांनी हौदात वाकून बघितले नव्हते. चार माणसांत बद्रीनाथ बोलले तेव्हा तोंडातून वाक्य गेले आणि मग ते इतक्या वेळा गेले की त्याला खऱ्याचा घट्टपणा आला.

"नाय जोडत म्हणून सांगा," लीलाबाई हळूच म्हणाल्या. "सकाळपास्नं नव्हताच जोडत. सगळ्यांनी बघितलंय."

डाकेच्या डब्यात चुकीच्या पिशवीत पत्र पडले की ती पिशवी शिवलेली असली तरी उसवायची, असा नियम होता. कित्येकदा गाडी सुटायची वेळ झालेली असे. उसवणाऱ्याला सगळे शिव्या देत. ते पुन्हा संगणकापुढे जाऊन बसले.

दोन वाजता पद्मजाताई आल्या. छत्री मिटवून त्यांनी ती दाराबाहेर ठेवली आणि विचारले, "लागला का तुमचा कॅमेरा, हिवराळे साहेब?"

"लागला मॅडम. बसा. पण अडचण आहे."

अडचण पडद्यावर होती. चित्रणाच्या यादीत तारखेचा एकच कप्पा होता: १ जानेवारी २०००. त्यात एक हजार एकशे चाळीस तुकडे. मोनालीला विचारून त्यांनी कारण समजून घेतले होते. वीज बंद झाली की हा कॅमेरा तारीख-वेळ विसरतो आणि चालू झाल्यावर २००० सालाच्या पहिल्या जानेवारीला, रात्री बाराला, नव्याने सुरुवात करतो. रोज दुपारी लीलाबाईंनी बटण बंद केले, रोज कॅमेऱ्याने नवे शतक सुरू केले.

"म्हणजे मागचा मंगळवार शोधायचा कसा?" पद्मजाताई म्हणाल्या. "सगळेच एक जानेवारी."

"तारखेचा शिक्का खोटा आहे मॅडम. पण आवक क्रमांक खरा आहे." त्यांनी बोट ठेवले. प्रत्येक तुकड्याला चालू क्रमांक होता, ३३०७ पासून ४४४६ पर्यंत, आणि तो कधी मागे गेला नव्हता. "लहान नंबर जुना, मोठा नवा. शिक्का पुसट आला तर आम्ही असंच लावायचो."

"पण सुरुवात कुठून धरायची?"

"झाकण." मागच्या बुधवारी त्यांनी हौदाच्या गंजक्या झाकणाला निळा रंग दिला होता. ज्या तुकड्यांत झाकण तांबडे ते मंगळवारचे किंवा त्याआधीचे. निळे ते नंतरचे.

तुकडे एकेका मिनिटाचे होते आणि प्रत्येक उघडायला तीन-साडेतीन मिनिटे लागत. पुंडलिकरावांनी ३५०० उघडला. निळे. ३४००. निळे. ३३५०. तांबडे, पण त्यात फक्त एक कुत्रा होता. दर वेळी गोल फिरायचे, टक्के वाढायचे, नव्वदवर अडायचे. दोनदा संपर्क तुटला आणि खुणेचा शब्द पुन्हा टाकावा लागला. एकदा संगणकानेच मध्ये येऊन स्वतःला अद्ययावत करू का म्हणून विचारले.

"याला आत्ताच सुचतंय," पुंडलिकराव म्हणाले.

"आमच्या शाळेत तपासणीच्या दिवशी असंच व्हायचं," पद्मजाताई म्हणाल्या. "घाई करू नका. काही पुसत तर नाही ना आता?"

"नाही."

सव्वातीनला लीलाबाई उठून भिंतीजवळ गेल्या, राऊटरवर हाताचा पंजा ठेवला आणि परत येऊन बसल्या. पुंडलिकरावांनी त्यांच्याकडे बघितले. "नाय हात लावत," त्या म्हणाल्या.

आजची दुसरी खेप अजून आली नव्हती.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी ३३२१ उघडला. तांबडे झाकण बाजूला सारलेले, टँकर उभा, चालक नळी हौदात सोडतोय. खुर्चीत पुंडलिकराव, डोक्यावर उपरणे, मांडीवर वही. कोपऱ्यात कॅमेऱ्याची वेळ: १ जानेवारी, रात्रीचे अकरा वाजून पाच. आदल्या दुपारी चारच्या सुमाराला बटण लागून कॅमेऱ्याचे बारा वाजले असतील, तर तेवीस तासांनी खरी वेळ तीन-सव्वातीन भरत होती.

"आली की खेप," पद्मजाताई म्हणाल्या. आवाजात सुटका होती. "ही बघा. बद्रीनाथांना हेच दाखवायचं."

"पुढचा बघू."

"हे पुरे नाही का?"

"पुढचा बघू मॅडम."

३३२२. नळी हौदात, चालक टँकरच्या सावलीत. पुंडलिकराव खुर्चीत. ३३२३. पुंडलिकराव उठतात, खुर्चीच्या पाठीला धरतात, वही खुर्चीवर ठेवतात आणि फाटकाच्या दिशेने चित्राबाहेर जातात. वेळ अकरा वाजून नऊ. ३३२४ उघडायला चार मिनिटे लागली. त्यात टँकर होता, नळी होती, खुर्चीवर वही होती. चालकाने फोन कानाला लावला होता आणि तो टँकरच्या चावीकडे चालत निघाला होता. त्याचा हात चावीपर्यंत पोचायच्या आत तुकडा संपला. अकरा वाजून अकरा.

३३२५ मध्ये कोपऱ्यातली वेळ रात्रीचे बारा वाजून तीन मिनिटे होती. म्हणजे मध्ये बटण बंद होऊन पुन्हा लागले होते. टँकर नव्हता. झाकण लावलेले होते आणि बद्रीनाथ हातात काठी घेऊन हौदाकडे येत होते.

पुंडलिकरावांनी तो तुकडा परत लावला. मग ३३२४ परत लावला. चालक चावीकडे चालला. चावी बंद करायला की अजून उघडायला, हे चित्रात नव्हते.

"मी आत आलो तेव्हा तुम्ही पाणी दिलंत," ते लीलाबाईंना म्हणाले. "त्याच वेळी बटण बंद केलंत का?"

"तुम्ही पडलात तवाच केलं आसंल," लीलाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. "डबा तापलेला दिसला. तुम्ही बी तापलेले."

पद्मजाताईंनी चष्मा पुसला. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही शेवटपर्यंत उभे होता असं सांगितलं होतंत."

"सांगितलं होतं."

"मला पहिला तुकडा दाखवता येईल. खेप आली, एवढाच प्रश्न होता. बाकीचं कोणी विचारलेलं नाही."

"प्रश्न खेप आली का, हा नाही मॅडम. पाणी पडलं का, हा आहे. आवडाबाईंच्या घरी काय गेलं, हा आहे."

"मग चारही दाखवायचे?"

"पाचही."

मोनालीला शेवटचा फोन करून त्यांनी पाच तुकडे पेन ड्राईव्हवर घेतले. यालाच पस्तीस मिनिटे गेली, कारण पहिल्या वेळी ते रिकामेच उतरले.

पाच वाजता हौदाजवळ, कोपऱ्यावरच्या घराच्या सावलीत, सतरा घरांतली माणसे जमली. बद्रीनाथ उभे होते, आवडाबाई पुंडलिकरावांच्या खुर्चीत. पद्मजाताईंच्या पुतण्याचा लॅपटॉप एका स्टुलावर ठेवून पाच तुकडे दोनदा दाखवले गेले. पहिला तुकडा बघून बद्रीनाथ म्हणाले, "टँकर तर हाय राव. म्हणजे माझं चुकलंच म्हणायचं." तिसऱ्या तुकड्याला ते लॅपटॉपकडे वाकले. पुंडलिकराव उभे राहिले आणि त्यांनी सांगितले की आपण शेवटपर्यंत तिथे नव्हतो, आत गेलो होतो, आणि सही हौदात न बघता केली. कॅमेरा का बंद पडला तेही सांगितले. बटणाबद्दल बोलताना त्यांनी 'आमच्या घरून' असा शब्द वापरला, लीलाबाईंचे नाव घेतले नाही.

"तवा पाणी पडलं का नाय?" आवडाबाईंनी विचारले.

एक जण म्हणाला की चालकाला विचारू. दुसरा म्हणाला, तो कशाला कबूल करेल. तिसऱ्याने हौदालाच तडा असल्याची शंका काढली. बद्रीनाथ म्हणाले की वही कोणी का ठेवेना, उन्हात सव्वीस मिनिटं उभा राहणारा माणूस पाहिजे, आणि तो त्यांना या वसाहतीत दिसत नाही, ते स्वतः धरून.

सव्वासहापर्यंत वही पद्मजाताईंच्या मांडीवर होती आणि ती कोणाकडे जाणार हे ठरलेले नव्हते. दुपारची खेप तोपर्यंत आली नव्हती.